अनुदान संपल्यानंतरचा पहिला महिना

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आइंडहोवनमधल्या तुमच्या छोट्या कंपनीला युरोपीय संघाच्या अनुदानासाठी एकत्र आलेल्या संस्थांच्या एका मोठ्या गटाने, म्हणजे कन्सोर्शियमने, जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या सेन्सरसाठी भागीदार म्हणून बोलावले आहे, प्रस्तावाची मुदत जवळ आली आहे, आणि होकार द्यावा की हाताशी असलेले मोजके ग्राहक सांभाळावेत हे तुला ठरवता येत नाही. भागीदार किती, देश किती, तुमच्या वाट्याला रक्कम किती येईल, हे सगळे तू सविस्तर लिहिले आहेस. मला हवी असलेली एकच गोष्ट त्यात सापडली नाही. प्रकल्प संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या सेन्सरचा खर्च कोण करणार?

सार्वजनिक पैशाला माझा विरोध आहे असे समजू नकोस. इंटरनेट ऑफ थिंग्जमध्ये, म्हणजे यंत्रे आणि सेन्सर इंटरनेटला जोडण्याच्या आपल्या क्षेत्रात, सेन्सर एकाचा, रेडिओ दुसऱ्याचा, क्लाउड तिसऱ्याचा आणि शेत किंवा रस्ता चौथ्याच्या मालकीचा असतो. या सर्वांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतील असे मानक घडवण्यात कोणत्याही एका कंपनीचा तात्काळ फायदा नसतो, म्हणून ते काम एकत्र येऊन आणि सामाईक पैशातूनच व्हावे लागते. युरोपला हे नवीन नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांतील दूरध्वनी संस्थांनी जीएसएम या मोबाइल फोनच्या सामाईक मानकाच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा १९९१ पर्यंत सेवा सुरू करण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले होते. सह्या करणारेच पुढे ते जाळे चालवणार होते आणि ग्राहकांकडून बिले वसूल करणार होते, याकडे तू लक्ष द्यावेस असे मला वाटते. त्या काळातील तांत्रिक हुशारीचे गोडवे पुष्कळ गायले जातात. या साध्या गोष्टीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आपल्या क्षेत्रातही चांगली उदाहरणे आहेत. २०१५ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने एआयओटीआय ही इंटरनेट ऑफ थिंग्जमधील उद्योगांची आघाडी उभी राहिली आणि जानेवारी २०१७ मध्ये सुमारे १० कोटी युरोच्या अनुदानातून पाच मोठे पथदर्शी प्रकल्प सुरू झाले. त्यांपैकी शेतीचा आयओएफ२०२० हा प्रकल्प वागेनिंगन विद्यापीठाने चालवला. त्याची सुरुवात शेतीतील १९ उपयोगांच्या चाचण्यांपासून झाली आणि नव्या सहभागींसाठी काढलेल्या खुल्या आवाहनानंतर ती संख्या ३३ वर गेली. तुमचे काम शेतीतलेच असल्यामुळे त्याचे अहवाल तू वाचलेच पाहिजेस. शहरांच्या सिंक्रोनिसिटी प्रकल्पात सांतांदेर, आइंडहोवन, मिलान, पोर्तो अशी शहरे होती. मला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र फायवेअर या खुल्या सॉफ्टवेअरचे आहे. २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या सार्वजनिक-खासगी भागीदारीतून ते घडले, आणि त्या भागीदारीचा काळ सरत आला तेव्हा, २०१६ मध्ये, अॅटॉस, एंजिनिअरिंग, ऑरेंज आणि टेलिफोनिका या कंपन्यांनी बर्लिनमध्ये त्याची संस्था उभारली. अनुदानानंतर ते सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, या प्रश्नाला तिथे नावानिशी उत्तर मिळाले. तुमच्या प्रस्तावात असे एक तरी नाव आहे का?

आता खर्चाकडे ये, कारण तिथे तू घाई केली आहेस असे मला स्पष्ट दिसते. प्रकल्प युरोपीय अनुदानातील 'नवोन्मेष कृती' या प्रकारचा असेल, तर नफा मिळवणाऱ्या कंपनीला पात्र खर्चाच्या जास्तीत जास्त ७० टक्के रक्कम मिळते; उरलेले ३० टक्के तुमच्याच खिशातून जातात. उपकरणांची पूर्ण किंमत सहसा धरली जात नाही, प्रकल्पाच्या काळापुरता घसाराच धरला जातो. एकूण अनुदानापैकी किमान १० टक्के रक्कम अंतिम अहवाल मंजूर होईपर्यंत हातात पडत नाही. शिवाय प्रकल्प संपल्यावर चार वर्षांपर्यंत निष्कर्षांचा उपयोग करण्यासाठी शक्य तितके प्रयत्न करण्याचे बंधन करारातच आहे. म्हणजे अनुदान देणाऱ्यानेही हा प्रश्न विचारून ठेवला आहे. प्रस्ताव लिहिणारे मात्र तो शेवटच्या पानावरच्या दोन गुळगुळीत वाक्यांत उरकतात.

मी इतका आग्रही का झालो, हे तुला सांगितलेले बरे. एका मध्यम आकाराच्या शहरात पावसाळी गटारांतील पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवण्याच्या प्रकल्पात मी होतो. कामात कसूर नव्हती, परीक्षकांनी प्रशंसाही केली. सिमकार्डांचे मासिक शुल्क अनुदानातून जात होते, आणि पुढे ते कोणाच्या नावावर वर्ग करायचे हा विषय मी काढला की समन्वयक "शेवटच्या वर्षी पाहू" म्हणत. शेवटच्या वर्षी सर्वजण पुढच्या प्रस्तावामागे लागले होते. सिमकार्डे बंद झाली. काही दिवसांनी नगरपालिकेच्या मलनिःसारण विभागातल्या एका वयस्क कर्मचाऱ्याचा मला फोन आला. कोणत्या गटाराकडे आधी जायचे हे तो रोज सकाळी आमच्या पडद्यावर पाहून ठरवत असे, आणि आता पडदा रिकामा होता. त्याने तक्रार केली नाही. पुन्हा कधी सुरू होईल, एवढेच विचारले. सेन्सर चांगले होते, बॅटऱ्यांतही जीव होता, फक्त त्यांना मालक नव्हता. त्या माणसाला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून अनुदानानंतरच्या पहिल्या महिन्याचा खर्च करणाऱ्याचे नाव आणि रक्कम लिहिलेली नसेल तर मी प्रस्तावावर सही करत नाही. यामुळे मला हट्टी म्हटले गेले. मी नाकारलेल्या काही प्रस्तावांना पुढे अनुदान मिळाले, आणि ते आमच्याकडे आले असते तर दोन तरुण अभियंत्यांना कामावरून कमी करावे लागले नसते, असे मला आजही ऐकवले जाते. त्या दोघांचे मला वाईट वाटते. तरीही त्या अनुदानातून दोघांचा पगार तीन वर्षे निघाला असता आणि चौथ्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच जागी उभे असतो, फक्त वापरणाऱ्यांचा आणखी एक गट निराश करून, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. अनुदानावर जगणारी कंपनी हळूहळू प्रस्ताव लिहिण्यातच तरबेज होते आणि तिच्या मालाला गिऱ्हाईक कोण हे विसरते. अशा कंपन्या मी जवळून पाहिल्या आहेत.

तुझ्या वडिलांनी अनुदानावर ठिबक बसवले होते, असे तू मागे सांगितले होतेस. अनुदान बसवण्यापुरते होते. पुढे गाळणी धुणे, क्षार धरलेल्या नळ्यांना आम्ल प्रक्रिया करणे, उंदरांनी कुरतडलेले तुकडे बदलणे हे त्यांनी स्वतः केले, कारण पीक त्यांचे होते आणि संचात त्यांचेही पैसे होते. तुमच्या प्रस्तावात वडिलांच्या जागी कोण आहे? तू "अंतिम वापरकर्ते" असा शब्द वापरला आहेस. तो शब्द मला चालणार नाही. मला त्या शेतकऱ्याचे, सहकारी संस्थेचे किंवा जलमंडळाचे नाव हवे आहे. नेदरलँड्समध्ये पाण्याचे व्यवस्थापन करणारी २१ सार्वजनिक जलमंडळे आहेत, ती स्वतःचा कर वसूल करतात आणि दुष्काळी उन्हाळ्यात जमिनीतील ओलाव्याची माहिती त्यांच्या कामाची असते. त्यांच्यापैकी एखादे भागीदार म्हणून आले, तर त्याच्या नियमित अंदाजपत्रकात तुमच्या सेवेसाठी एक ओळ मागता येईल. केवळ पाठिंब्याचे पत्र घेऊन परत येऊ नकोस. तसे पत्र कोणीही देतो.

एकाच जाळ्यावर विसंबलेल्या उपकरणांचे काय होते, तेही ध्यानात असू दे. तुलूझजवळच्या सिगफॉक्सने खासगी भांडवलातून सेन्सरसारख्या उपकरणांसाठी मोठे रेडिओ जाळे उभारले, जानेवारी २०२२ मध्ये ती कंपनी न्यायालयीन संरक्षणाखाली गेली आणि एप्रिलमध्ये सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली. मधल्या काळात ज्यांची उपकरणे त्या जाळ्यावर होती त्यांनी काय सोसले असेल याचा विचार कर. म्हणून तुमचा सेन्सर लोरावॅनसारख्या खुल्या रेडिओ मानकावर ठेव, म्हणजे जाळे चालवणारा बदलला तरी यंत्र निकामी होणार नाही. त्यातच युरोपीय संघाच्या सायबर रेझिलिअन्स कायद्याच्या (डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेचा कायदा) मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होत आहेत, आणि उत्पादनाचे अपेक्षित आयुष्यच पाच वर्षांहून कमी नसेल तर त्याला किमान पाच वर्षे सुरक्षेचे अपडेट पुरवणे उत्पादकावर बंधनकारक असेल. प्रकल्प तीन वर्षांचा आणि जबाबदारी पाच वर्षांची, हा हिशेब तुमच्या संचालकांनी केला आहे का? केला नसेल, तर तू करून दाखव. तू वयाने लहान आहेस म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

पुढच्या बैठकीत समन्वयकाला तीनच गोष्टी लेखी माग: प्रकल्प संपल्यावर सेन्सर आणि गेटवे (सेन्सरचे संदेश इंटरनेटवर पोचवणारी यंत्रे) कोणाच्या मालकीचे राहतील, जोडणीचे शुल्क कोण भरेल, आणि शेतात जाऊन बॅटरी बदलणारा माणूस कोणाच्या पगारावर असेल. उत्तर मिळाले तर निःशंक मनाने सहभागी हो. त्या पैशातून चांगले काम होईल आणि मला आनंदच वाटेल. टाळाटाळ झाली, तर दुसऱ्या एखाद्या चालू प्रकल्पाच्या खुल्या आवाहनात अर्ज कर. तिथे छोट्या कंपनीला सहसा ६० हजार युरोपर्यंत मिळतात, कागदपत्रे कमी असतात, आणि तुमच्या आजच्या ग्राहकांपैकी दोघांच्या शेतावर एक हंगाम नीट काम करायला तेवढे पुरते. कोणताही मार्ग घेतलास तरी सही करण्यापूर्वी मसुद्यातला 'परिणाम' हा विभाग आणि खर्चाचा तक्ता मला पाठव. 'उत्कृष्टता' हा विभाग मी नंतर वाचेन.