आधी रान तुडव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

(पत्र म्हटलं की हात अजून असाच वळतो, हसू नकोस.)

इथे मिशिगनात हरणांच्या शिकारीला निघायचं म्हणून तू केलेली एक्सेल शीट उघडली. चार रायफली, तीन स्कोप (त्यांच्यावर बसवायच्या दुर्बिणी), दोन जोड बूट, मक्याचं एक पोतं. प्रत्येकापुढे किंमत, वजन, लोकांनी दिलेले तारे आणि तळाला बेरीज : २८०० डॉलर. मग मेलच्या शेवटी, ‘मावशी, काहीच ठरत नाहीये. आणि सरकारी जंगलात म्हणे हरणांपेक्षा माणसंच जास्त असतात. चौघांत मिळून एखादी जागा लीजवर घेऊ का?’ नऊ रकाने आहेत त्या शीटला. तू त्या रानात आजवर किती चाललास, त्याचा एकही नाही.

आधी रान तुडव. बंदुकीचं नंतर बघू.

खरं तर पत्र इथेच संपायला हरकत नव्हती. पण तू इंजिनिअर, कारण दिल्याशिवाय ऐकणार नाहीस.

मारावं की नाही हे तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. मटण खाणाऱ्या घरातले आपण दोघं, ती चर्चा कशाला उगाळायची. आईला मात्र खोटं सांगू नकोस. तिच्या डोळ्यांपुढे १९७२चा कायदा आहे, हरीण मारलं की तुरुंग, आणि तिकडे ते तसंच हवं. इथे दर शरद ऋतूत किती हरणं गाड्यांवर आपटून मरतात ते तिला तुझ्या गाडीच्या इन्शुरन्सवाल्याकडून ऐकव.

कागदपत्रांतली एकच गोष्ट नीट वाच. तू एच-वन-बीवर आहेस. केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचं चालू लायसन्स असेल तर त्याला सूट आहे. तेव्हा क्रम उलटा करू नकोस. आधी हंटर सेफ्टीचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदुकीला हात. रेंजवर कुणी ‘धर जरा’ म्हणालं तरी खिशात लायसन्स आहे का ते आधी बघायचं. ते दर ३१ मार्चला संपतं आणि पुढचं १ मार्चपासून मिळतं, एक दिवसही खंड पडू देऊ नकोस. इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन कर. आणि २०२४पासून मिशिगनात रायफल विकत घ्यायलाही आधी पोलिसांकडून परवाना काढावा लागतो. एवढी कटकट नको असेल तर पहिल्या वर्षी क्रॉसबो घे, घोडा ओढून बाण सोडायचं ते धनुष्य. त्याचा हंगाम १ ऑक्टोबरलाच सुरू होतो आणि ती बंदुकीच्या त्या कायद्यात येत नाही. झालं.

आता तुझं ते ‘सरकारी जंगल’. तू ते लिहिलंस ते सरकारी दवाखाना म्हणावं तसं, आणि मला ते लागलं. साताऱ्याकडे आमच्या गावाला गायरान होतं. माझ्या लहानपणी तिथे कुणाचीही म्हैस चरायची. आज तिथे तारेचं कंपाउंड आहे, आणि ते कुणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून इथला नकाशा पहिल्यांदा हातात आला तेव्हा माझा विश्वास बसेना. मॅनिस्टी आणि ह्युरॉन मिळून जवळपास १० लाख एकर नॅशनल फॉरेस्ट, वर राज्याचं जंगल जवळपास ४० लाख एकर, आणि आत शिरताना कुणाची मिनतवारी नाही. कुणी उदार होऊन दिलेली जमीन नव्हे ही. लाकूडवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात इथला पाइन कापून नेला. मागे खुंट आणि जळकी वाळू उरली. त्या वाळूत काही पिकेना, लोक कर थकवून निघून गेले आणि जमिनी राज्याच्या गळ्यात पडल्या. १९०३ साली हिगिन्स आणि हॉटन तलावांच्या बाजूला पहिलं राखीव जंगल केलं, तेव्हापासून असल्या टाकलेल्या जमिनीचं रान होत आलं. टाकाऊचं गायरान झालं. आमच्याकडे गायरानाचं काय झालं ते सांगितलंच. आणि तू घेशील त्या रायफलीवर नि गोळ्यांवर ११ टक्के केंद्राचा कर आहे. १९३७च्या कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी मिळतो. म्हणजे या गायरानाची पट्टी तू भरणारच आहेस. मग वापर की.

माझं सांगते. २००४ साल. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. तिथल्या एका सहकाऱ्याने मला शिकवायचं मनावर घेतलं, बंदूकही त्याचीच, जुनी थर्टी-थर्टी रायफल. रेंजवर माझा हात चांगला होता, पन्नास यार्डांवरच्या पाचही गोळ्या बशीत मावायच्या, आणि त्याची मला घमेंड होती. रान मी पाहिलंच नव्हतं. त्याने नकाशावर बोट ठेवून ‘या ओकखाली बस’ म्हटलं, मी बसले. २० नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळचे पावणेपाच. एक मादी साठ पावलांवर येऊन थांबली, जरा तिरकी. मी गोळी सोडली. ती पाठ कमानीसारखी वाकवून उडाली आणि उताराला लागली.

पाठ वाकवून पळालेलं जनावर म्हणजे गोळी मागे लागलीय, कलेजीत नाहीतर पोटात. अशा वेळी तास न् तास थांबायचं असतं. जनावर जवळच बसतं, तुम्ही मागे लागलात की उठून दूर जातं. हे मला कोर्समध्ये सांगितलं होतं. मी दहा मिनिटं थांबले. ओकच्या पानांवर रक्त होतं, काळपट, घट्ट. फुप्फुसाचं गुलाबी आणि फेसाळ असतं, हे तसं नव्हतं. टॉर्चच्या उजेडात थेंबाथेंबाने खाली गेलो तर पुढे ऑल्डरच्या झुडपांची जाळी आणि काळं पाणी. सहकारी म्हणाला, पुढे सगळी दलदल आहे, उद्या बघू.

उद्या मी आलेच नाही. डेट्रॉइटच्या आमच्या उपनगरातून तिथे जायला साडेतीन तास, आणि रविवारी मंडळात मुलीचा नाच होता. नाच महत्त्वाचा होता असं मी अजून म्हणते. जाणत्या माणसाने मला मागे फिरवलं असंही म्हणते. दोन्ही खरं आहे. तू माझ्या जागी असतास तर तूही फिरला असतास.

मार्चअखेर मी परत गेले. हे गाडीत बसून राहिले, मी गमबूट चढवून उतरले. ती दलदल बारा पावलं होती. पाणी घोट्याच्या वर गेलं नाही. पलीकडे लगेच कोरडा उंचवटा, हेमलॉकचं एक झाड आणि त्याच्या मुळाशी ती. कायोटींनी, इथल्या कोल्ह्यांनी, फारसं ठेवलं नव्हतं. बरगड्या, झिजून गुळगुळीत झालेल्या दाढांचा एक जबडा आणि केसांचा पुंजका. हरणाचा केस पोकळ असतो, दुमडला की कागदासारखी घडी पडते आणि तशीच राहते. मी खाली बसून एकेक केस दुमडत राहिले. ‘तीच कशावरून?’ असं हे म्हणाले. घरी पोचेपर्यंत तीनदा म्हणाले.

बारा पावलं. ऑक्टोबरात एक दुपार पाय मोकळे करायला गेले असते तरी मला ती माहीत झाली असती. कुठल्या स्कोपमधून दिसतात ती, सांग.

तेव्हापासून माझा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. तुझाही तसाच व्हावा, कारण बर्फ वितळल्यावर आणि पालवी फुटायच्या आधी, त्या दोन-तीन आठवड्यांत, गेल्या नोव्हेंबरची सगळी खाडाखोड जमिनीवर तशीच असते. पानांत दबलेल्या वाटा दिसतात. नराने शिंगं घासून साल काढलेली रोपं दिसतात, इथले लोक त्याला रब म्हणतात. साल ज्या बाजूची निघालीय त्या बाजूने तो आला. अशी चार रोपं एका रेषेत सापडली की त्याचा रस्ता सापडला. लोंबत्या फांदीखाली खुराने उकरलेली तव्याएवढी जागा दिसेल, तिथे मान वर कर, फांदीचं टोक चघळलेलं असतं. जंगलखात्याने आठ-दहा वर्षांपूर्वी तोडलेला पॉपलच्या झाडांचा तुकडा शोध. आता तिथे मनगटाएवढ्या काठ्या दाटीने उभ्या असतात आणि हरणं दिवसा त्यांत पडून राहतात. त्याच्या एका अंगाला ओक असतील, दुसऱ्या अंगाला पाणथळ, तर मधल्या काठाने सावकाश चाल. हरीण काठाकाठाने जातं, आमच्या गावची माणसं बांधाबांधाने जायची तसं. बसायची जागा आपोआप कळते. आणि कळली की तिथून चारही दिशांना जा. जखमी जनावर कुठे जाईल? पाणी कुठे आडवं येतं, किती खोल आहे? आतडी काढल्यावरही शंभर पौंडांची मादी कुठल्या वाटेने ओढत आणशील? मी चौसष्ट वर्षांची आहे, मला हा प्रश्न गोळीच्या आधी पडतो.

हद्दीचंही असंच. नॅशनल फॉरेस्टच्या नकाशात मधेमधे खासगी चौकोन आहेत. तुझं हरीण पळत त्यात गेलं तर मालकाला विचारल्याशिवाय मागे जाता येत नाही. फोनवरचा निळा ठिपका झाडीखाली इकडेतिकडे सरकतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

गर्दी म्हणतोस. १५ नोव्हेंबरला असतेच. वार कुठलाही येवो, तारीख तीच, त्या दिवशी अर्धी ऑफिसं ओस पडतात. पण त्यातली बरीच माणसं गाडीपासून हाकेच्या अंतरावर बसतात, आणि दहाच्या सुमाराला बोटं गारठली की उठून भटकू लागतात. त्यांच्या उठण्याने हरणं कुठल्या घळीतून सटकतील हे तुला आधीच माहीत असेल तर ती गर्दी म्हणजे तुझे फुकटचे हाकारे. रान तुडवलं नसशील तर नुसतीच गर्दी.

आता लीज. आमच्या ओळखीत तिघांनी चाळीस-चाळीस एकर घेतले. २०११ साली यांनीही मला एक जागा दाखवली, लहानसं तळंही होतं. मी नको म्हटलं. तेव्हा किती स्वस्त होती हे मी दर दिवाळीला ऐकून घेते. पण घेतली असती तर मी त्या चाळीस एकरांतच फिरत राहिले असते, कुंपणापलीकडचं रान मला दिसलंच नसतं. हट्ट आहे, कबूल. वीस वर्षांत मी अकरा हरणं आणली. त्या तिघांतला एक दर वर्षी दोन आणतो, आणि ते मला आवर्जून सांगतो. मी त्याला सांगते की माझ्या अकरांतलं एकही हरवलं नाही. तो विषय बदलतो. (पाठीचा मऊ भाग तो बार्बेक्यू सॉसमध्ये बुडवतो, ते वेगळंच दुःख. या मांसाला चरबी नसते, त्याला कांदा-लसूण मसाला आणि सढळ हाताने तेल लागतं.)

तुझ्या शीटमधली मक्याची ओळ खोड. हरणांच्या मेंदूचा तो रोग, सीडब्ल्यूडी, २०१५ साली लॅन्सिंगजवळ रानातल्या हरणात सापडला आणि २०१९ साली लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या आपल्या दक्षिणेकडच्या भागात, हरणांना चारा टाकायला बंदी आली. नियमांची पुस्तिका दर वर्षी नवी वाचायची, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जायचं नाही. भगवी टोपी किंवा जाकीट कायद्यानेच लागतं. बुटांची ओळ तेवढी ठेव, ती मला पटली. रायफल? अरे बाबा, कुठलीही साधी, जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन चालेल. हे मी तिसऱ्यांदा सांगतेय, आणि तू उद्या परत विचारशील.

तर मार्चच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सातला बाल्डविनच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर ये. ग्रँड रॅपिड्सहून तुला सव्वा-दीड तास लागेल. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आण. बंदूक नको, शीट नको. भाकरी आणि ठेचा मी आणते. हे गाडीतच बसतील, त्यांच्यासाठी चहाचा थर्मास तू भरून आण, साखर कमी. आधी ती बारा पावलं बघू. मागच्या वर्षी खाली बीव्हरने बांध घालायला घेतला होता, एव्हाना तिथे कमरेएवढं पाणी झालं असेल, आणि पलीकडे जायला दुसरी वाट शोधावी लागेल.

तुझी,
मावशी