अठ्ठ्याहत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप? आधी गेमचं नाव बघा

प्रश्न थोडक्यात असा. जळगावचे एक वाचक, वय २६, हातात पगार ३८,०००, घरी देतात ते धरून महिन्याचा खर्च २४,०००. बचत खात्यात ६०,००० आहेत. कामासाठी एम१ चिपची मॅकबुक एअर आहे, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजची. मित्र रात्री व्हॅलोरंट खेळतात, शिवाय यांना जीटीए ५ ची स्टोरी खेळायची आहे. संगणकावर हे दोन्ही विंडोजचेच गेम. तर ७८,००० चा गेमिंग लॅपटॉप १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावा का?

नको. हप्त्यावर तर नकोच. पण ‘मॅकवरच चालवा, सगळं फुकटात होतं’ असंही सांगणार नाही, कारण तुमच्या दोन गेमांची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही, कुठल्याही जुगाडाने चालत नाही. त्याचं व्हॅनगार्ड नावाचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतं आणि संगणक सुरू होतानाच जागं होतं. क्रॉसओव्हर विंडोजशिवायच विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवतं, पण अशा सॉफ्टवेअरमध्ये तो गाभाच नसतो. पॅरलल्समध्ये, म्हणजे मॅकच्या आतच विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज टाकलं तर ते एआरएम जातीच्या चिपसाठीचं वेगळं विंडोज असतं, तिथेही व्हॅनगार्ड दाद देत नाही. बूटकॅम्प, म्हणजे मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करण्याची सोय, फक्त इंटेलच्या मॅकवर होतं. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ पासून ते बंद. तेव्हा व्हॅलोरंटसाठी मॅकवर खर्च केलेला प्रत्येक रुपया पाण्यात.

जीटीए ५ चं तसं नाही. ऑनलाइन मोडला सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय हे व्हॅनगार्डसारखंच चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लागलंय, त्यामुळे तो विसरा. स्टोरी मोड मात्र क्रॉसओव्हरवर चालू शकतो. त्याची १४ दिवसांची चाचणी फुकट मिळते, सोनं घेण्याआधी लावतात तसा आधी कस लावून घ्या. क्रॉसओव्हर टाका, रोझेटा (इंटेलसाठीचे प्रोग्राम एम१ वर चालवणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) मागेल तेव्हा हो म्हणा, यादीतून स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान निवडा. त्याची एक ‘बॉटल’, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामसाठीचा वेगळा कप्पा, तयार होईल. बॉटलच्या सेटिंगमध्ये डी३डीमेटल आणि एमसिंक हे गेमचा वेग वाढवणारे दोन पर्याय सुरू करा, मग स्टीममध्ये लॉगिन करून गेम उतरवा. गेमला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. तुमच्या २५६ मध्ये ती नसेल, तर बाहेरची एसएसडी जोडा. साध्या हार्डडिस्कवर गेम अडखळत राहील. सुरुवातीची काही मिनिटं चित्र तुटक दिसलं तर घाबरू नका, शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात. गेमची कंपनी रॉकस्टार, तिच्या लाँचरमध्ये बॅटलआयची खूण काढायला विसरू नका. आणि गेम चाललाच नाही तर खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना स्टीमकडे पैसे परत मागता येतात. म्हणून गेम विकत घ्या तो चाचणी सुरू कराल त्याच दिवशी.

एक खानदेशी अडचण मात्र आहे. एअरला पंखा नाही. ही मशीन १० ते ३५ अंशांत वापरायची, असं ॲपल स्वतःच सांगतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. अशा दुपारी थोड्याच वेळात चिप स्वतःचा वेग कमी करते आणि गेम रखडायला लागतो. रिझोल्यूशन कमी ठेवा, रात्री खेळा.

चाचणी जमली तरच पैसे द्या. वर्षाचा परवाना ७४ डॉलरच्या घरात आहे. कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी धरून सात हजारांच्या आसपास समजा. वर्ष संपलं तरी हातातली आवृत्ती चालत राहते, फक्त नवे अपडेट थांबतात. म्हणून आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. सुमारे ५०० डॉलरचा आयुष्यभराचा परवाना मुळीच घेऊ नका: रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं ॲपलने २०२५ मध्येच सांगून ठेवलंय. पॅरलल्सही तुमच्यासाठी नाही. आठ जीबीतली निम्मी रॅम विंडोजला दिली की दोघंही उपाशी. क्लाउड गेमिंगला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर गेम चालवून चित्र इंटरनेटवरून घ्यायला, २५ एमबीपीएस म्हणजे तासाला अकरा जीबी लागतात, रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये दहा मिनिटं.

आता हप्ता. ‘नो कॉस्ट’ हे नाव झालं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं. ७८,००० चे १२ हप्ते ६,५०० चे होतात आणि १५ टक्के दराने त्यात सुमारे ५,९८५ व्याज असतं. हे व्याज विक्रेता सुरुवातीला सूट म्हणून वजा करतो, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,०७७ आणि वर प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते. रोखीवर मिळाली असती ती सूटही बहुतेक वेळा जाते. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. तुमच्या हातात महिन्याला १४,००० उरतात, त्यातली जवळपास निम्मी रक्कम वर्षभर बांधली जाईल. तीन महिन्यांच्या खर्चाचे ७२,००० बाजूला हवेत, तेही अजून पुरते जमलेले नाहीत. त्या साठ हजारांना हात लावू नका.

व्हॅलोरंट हलका गेम आहे. सेकंदाला ६० फ्रेमसाठी जुना आय३ प्रोसेसर आणि जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड एवढंच पुरेसं सांगितलंय. ऑफिसमधून निघालेला आठव्या पिढीचा आय५ डेस्कटॉप, त्यात जीटीएक्स १६५० आणि एक वापरलेला मॉनिटर हे माझ्या अंदाजाने २५ ते २८ हजारांत बसतं. महिन्याला ७,००० असे चार महिने बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाका, २८,००० होतात. उरलेल्या ७,००० मधून पहिल्या दोन महिन्यांत आपत्कालीन रकमेतली १२,००० ची तूट भरा. पाचव्या महिन्यात रोख मोजा. जीटीए ५ ही त्याच मशीनवर खेळता येईल, मग क्रॉसओव्हरचे सात हजारही वाचले.

गोलाणी मार्केटमध्ये जाताना एवढं पाहून घ्या. पेटी बुटकी असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसेल, आणि वेगळी पॉवर वायर लागणारं कार्ड नको. साधं १६५० स्लॉटमधूनच ७५ वॅट घेतं. सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा प्रोसेसर स्वस्त म्हणून उचलू नका. विंडोज ११ त्याला धरत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातच मशीन सुरू करायला लावा, विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी उघडा. तिथे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी) दोन्ही सुरू दिसले पाहिजेत, नाहीतर विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडणारच नाही.