पळी तळापर्यंत घाला

प्रश्न : आदरणीय बाई, मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला आहे. आमचे हे मार्केट यार्डात हमाली करतात. घरात सासूबाई, 14 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. दोघांचे मिळून महिन्याला सतरा-अठरा हजार येतात, त्यातले चार हजार भाड्यात जातात. शाळेतल्या तपासणीत मुलीचं हिमोग्लोबिन 9.2 निघालं. जिना चढली तरी तिला धाप लागते. कारखान्यातल्या बायकांनी सांगितलं म्हणून रोज बीट, अधूनमधून सफरचंद आणि दुधात घालायच्या पावडरीचा 650 रुपयांचा डबा आणला. डबा वीस दिवसांत संपला. दुसऱ्या डब्यासाठी उसने पैसे घ्यावे लागले. सगळ्यांचं झाल्यावर आम्ही मायलेकी जे असेल त्यात भागवतो, पण तिला दूध-पावडर चुकवत नाही. पौष्टिक खाणं श्रीमंतांनाच परवडतं का? आम्ही काय करावं?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी औषधाचं बोलू, जेवणाचं मग. तुमच्या मुलीच्या वयाला हिमोग्लोबिन किमान 12 हवं. 9.2 म्हणजे हातपाय गाळून बसण्यासारखं नाही, पण नुसत्या खाण्यापिण्यावर सोडण्यासारखंही नाही. एवढी तूट भरून काढायला लोहाच्या गोळ्याच लागतात, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एक दिवसाचा खाडा पडला तरी चालेल, पण तिला घेऊन जा. डॉक्टरांना दोन गोष्टी आपण होऊन सांगा. पाळीत अंगावरून किती जातं, आणि जंताची गोळी शेवटची कधी घेतली. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये ती गोळी शाळेत देतात, पण त्या दिवशी पोरगी घरी असली की राहून जाते.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शौचाला काळं होतं. त्याला घाबरून कितीतरी मुली आठ दिवसांत गोळ्या बंद करतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. बंद करू देऊ नका. मळमळलं तर जेवणानंतर द्या. चहाबरोबर किंवा दुधाबरोबर मात्र कधीच नको.

आता तो डबा. ताई, तिसरा डबा आणू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरात साखर किती ते लिहिलेलं असतं, मुलीकडून वाचून घ्या. आणि हे 650 रुपये घेऊन आपण दोघी बाजारात गेलो आहोत असं समजा. परवा मी आणलेल्या भावाने सांगते : तीस अंडी 210 रुपये, एक किलो शेंगदाणे 130, एक किलो मसूरडाळ 90, एक किलो हुलगे, म्हणजे कुळीथ, 80, अर्धा किलो सोयाबीनच्या वड्या 60. झाले 570. उरलेल्या 80 रुपयांत लिंबं आणि चार-पाच जुड्या पालेभाजी. तुमच्या गल्लीत दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतील. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि मूठभर, म्हणजे साधारण तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅम. सोयाबीनच्या वड्यांत तर निम्मं वजन प्रथिनांचंच. भाकरीच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते भाकरीत, म्हणून आपल्याकडे आमटी-भाकरी एकत्र जेवतात. त्या जेवणाला गरिबाचं जेवण म्हणून कमी लेखायचं काहीच कारण नाही.

बिटाचंही तेच. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, असा समज घरोघरी आहे. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. सफरचंदात आणि आपल्या सोलापूरच्या डाळिंबातही थोडंच. मुलीची रोजची गरज आहे 30 मिलिग्रॅमची. त्यापेक्षा शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात सहा मिलिग्रॅमच्या वर मिळतं आणि ज्वारीत चारच्या आसपास. शिवाय हुलगे, मटकी, चवळी, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, हळीव. शेवग्याचा पाला तर लोक फांद्या छाटल्या की टाकून देतात. मागून आणा, बेसन लावून परता. हुलग्याचं माडगं सासूबाईंना येत असणार. त्यांना करायला सांगा. दात नसलेल्या माणसालाही ते पिता येतं, आणि आपल्या हातचं नात खाते म्हणून त्यांनाही बरं वाटेल. मटकी-हुलग्यांना मोड आणले की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. लोखंडी कढई माळ्यावर पडली असेल तर खाली काढा आणि पालेभाजी तिच्यातच करा. फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

एवढं करूनही एक चहा सगळ्यावर पाणी फिरवतो. सकाळी चहात चपाती बुडवून खायची आणि निघायचं, हे कष्टकऱ्यांच्या घरात रोजचं आहे. पण चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. मुलीचा चहा खाण्यापासून निदान तासभर लांब ठेवा. सकाळी तिला शिळ्या भाकरीचा काला द्या, त्यात ताक, शेंगाची चटणी आणि कांदा. जेवताना आमटीवर लिंबू पिळा. पेरूच्या दिवसांत पेरू, थंडीत बोरं, आवळे. आंबट फळांनी लोह अंगात मुरतं. सफरचंदाच्या एका फोडीच्या पैशात पेरू येतो आणि इथे उपयोगी पेरूच पडतो.

ताई, तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मात्र मी बराच वेळ थांबले. ‘सगळ्यांचं झाल्यावर आम्ही मायलेकी जे असेल त्यात भागवतो.’

मी 31 वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून माढा, करमाळा, मंगळवेढा या भागात फिरले. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर जेवायच्या वेळी गेले होते. चुलीवर तुरीच्या डाळीची आमटी. ती बाई सासऱ्याला वाढताना पळी पार तळाला नेई, ढवळून डाळ वर काढी. नवऱ्याला तशीच, मुलाला तशीच. मग लेकीच्या वाटीवर आली. पळी वरच्या वर फिरली आणि वाटीत पडलं लाल तिखटाचं पाणी आणि तेलाचा तवंग. स्वतःलाही तेच. मी तिला विचारलं, “अगं, तळाला का नाही घातलीस?” ती पळीकडे बघतच राहिली. म्हणाली, “ध्यानातच आलं नाही, बाई. माझ्या आईचा हात असाच होता.” घरात डाळ होती, पोरीच्या वाटीत नव्हती. तिचं हिमोग्लोबिन आठ होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019 ते 2021 या काळात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्त कमी आढळलं. त्यात चांगल्या खात्यापित्या घरांतल्याही आहेत. म्हणून श्रीमंतांचं बघून जीव जाळू नका. आज रात्रीपासून एक करा. मुलीला तिच्या बापाबरोबर पहिल्या पंगतीला बसवा. तिच्या वाटीत घालताना पळी तळापर्यंत घाला, मग तुमच्या वाटीतही तशीच. तुम्ही दिवसभर मशीनवर बसता, तुमचं हिमोग्लोबिन कोणी तपासलंय का? मुलीबरोबर तुमचंही तपासून घ्या. हमाली करणाऱ्या माणसाला पोटभर लागतं, ते खरंच आहे. त्यांना एक भाकरी जास्त द्या, पण अंडं मुलीचं मुलीलाच.

रेशनचं विचारायचं राहिलं. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे पंचवीस किलो. कार्डावर पाचही नावं चढलेली आहेत का ते बघा. मुलाचं नाव घालायचं राहिलं तर दर महिन्याला पाच किलो धान्य हातचं जातं, आणि ही चूक मी शेकडो घरांत पाहिली. रेशनच्या तांदळात कधीकधी काही दाणे वेगळे दिसतात. ते प्लास्टिकचे म्हणून बायका वेचून फेकतात, नाहीतर अख्खा तांदूळच दुकानदाराला विकून टाकतात. ताई, ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यांत लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 घातलेलं असतं आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळलेले असतात. वेचू नका, विकू नका. भात शिजवताना वरची पेजही ओतून देऊ नका. मुलगा शाळेत दुपारचं जेवतो ना, तेही विचारत जा. आठवीपर्यंत त्याचा तो हक्क आहे.

पैसे कमी पडतात, हे मी नाकारत नाही. चार हजार भाडं भरून जे उरतं त्यात पाच जणांचं करणं सोपं नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. लेकीसाठी तुम्ही उसने पैसे काढलेत, आता ती धडपड योग्य ठिकाणी लागू दे. गोळ्या सुरू करून महिना झाला की तिचं रक्त पुन्हा तपासा आणि आकडा मला कळवा. मी वाट बघते.

प्रश्न : बाई, आमच्या बार्शीला मार्चपासून ऊन पेटतं. अंडं उष्ण पडतं म्हणून सासूबाई उन्हाळाभर मुलांना देऊ देत नाहीत. त्यांचं खरं का?
– एक सून, बार्शी

उत्तर : नाही. अंडं पचायला हलकं आहे. मुलांना वैशाखातही रोज एक द्या, फक्त पूर्ण उकडून. सासूबाईंशी वाद नको, पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर अर्धंच द्या. उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात हे मात्र खरं. फ्रीज नसेल तर तीन-चार दिवसांपुरतीच आणा आणि माठाजवळच्या गार जागेत ठेवा. उकडण्याआधी पाण्यात सोडून बघा. तळाला आडवं बसलं तर ताजं, वर तरंगलं तर फेकून द्या.