दोन वेण्या, काळी रिबन

प्रश्न: ताई, माझा मुलगा नोकरीसाठी नैरोबीला होता, लग्नही तिथल्याच मुलीशी केलं. जूनपासून तिघं आमच्याकडे नेरूळला आहेत. नात आठ वर्षांची, केस आईवर गेलेत, दाट, स्प्रिंगसारखे. सूनबाई रविवारी तीन तास बसून तिला डोक्याला लागून बारीक बारीक वेण्या घालते. शाळेच्या डायरीत दोनदा शेरा आला : 'फॅशन चालणार नाही. तेल लावून, दोन वेण्या, काळी रिबन.' एकदा मी विंचरायला घेतले तर फणीचे दोन दात मोडले आणि पोर रडून रडून झोपली. जाऊबाई म्हणतात, पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून टाका, कटकट मिटेल. हे ऐकलं की सूनबाई उठून आत जाते. काय करू?
– एक आजी, नेरूळ

उत्तर: काकू, आधी ती फणी फेकून द्या.

हे केस वळणं घेतच वाढतात. त्यामुळे डोक्याचं तेल टोकापर्यंत पोचत नाही, केस कोरडे राहतात आणि कोरडे विंचरले की वळणावरच तुटतात. ते ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने सोडवायचे. तेही टोकाकडून वर. आपण मुळापासून खाली ओढतो, म्हणून गुंता घट्ट होतो. वाटीभर तेल थापलंत तरी ते चापून बसणार नाहीत. सूनबाई घालते त्या वेण्या म्हणजे आपल्या सागरवेणीच्याच धाकट्या बहिणी. एकदा घातल्या की आठ-दहा दिवस विंचरायचं नाव नाही. फॅशन कसली, सोय आहे ती.

आता सरळ करण्याचं. मी नौपाड्यात सत्तावीस वर्षं पार्लर चालवलं आणि पैसे घेऊन शेकडो मुलींचे कुरळे केस सरळ केले. माझेही कुरळेच. आई म्हणायची, "यापेक्षा काथ्या परवडला." तेव्हा मी काही साधू नाही. पण असे केस सरळ करायच्या कित्येक क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं. तुंबलेल्या मोरीत ओततो तो कॉस्टिक सोडा. कातडी भाजते. २०२२ साली अमेरिकेतल्या सुमारे ३३ हजार बायकांच्या पाहणीत, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारणींमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. कारण हेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी आठ वर्षांच्या डोक्यावर मी ते लावणार नाही.

सूनबाई उठून का जाते, ते माझ्या मते असं. 'नीट केस' म्हणजे सरळ केस, हे तिच्यासारख्या बायका पिढ्यान् पिढ्या ऐकत आल्यात. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्याने झाकावेत असा हुकूम काढला होता. (त्यांनी अशी झोकदार रंगीत फडकी बांधली की हुकूमच हिरमुसला असेल.) २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियातल्या एका नावाजलेल्या शाळेत मुलींना आपल्या केसांसाठी आंदोलन करावं लागलं. केसांवरून नोकरी किंवा शाळा नाकारू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात झाला तो थेट २०१९ मध्ये. आणि इथे नेरूळच्या हॉलमध्ये, चहा पिता पिता, तिच्या लेकीबद्दल तेच वाक्य! ती भांडत नाही, हा तिचा मोठेपणा.

शाळेत तुम्ही दोघी जा. बोलू दे सूनबाईला, तुम्ही शेजारी बसा. पांढऱ्या केसांची सासू बाजूला असली की मुख्याध्यापिकांचा आवाज आपोआप खाली येतो. केस बांधलेले आहेत, डोळ्यांवर येत नाहीत, एवढंच दाखवा. फारच अडून बसले तर सगळ्या बारीक वेण्या मागे दोन भागांत गोळा करून दोन काळ्या रिबिनी बांधा. झाल्या दोन वेण्या. रिबिनीपुरतं मी नमतं घेईन, केसांपुरतं नाही.

येत्या रविवारी पाण्याची फवारणीची बाटली घेऊन सूनबाईजवळ बसा आणि एक तरी ओळ स्वतः घालून बघा. पेड फार आवळू नका. रोज ताण पडला की कपाळावरचे केस मागे हटतात. पहिली ओळ वाकडी येईल. माझ्या पार्लरमधल्या मुलींची महिनाभर वाकडीच यायची.

आणि जाऊबाईंना माझं नाव घेऊन सांगा : आठ वर्षांच्या मुलीला असल्या कामासाठी खुर्चीत बसवून घेणारं पार्लर असेल, तर तिथे त्यांनी स्वतः भुवया करायलासुद्धा जाऊ नये.