देवघरातला सिंह

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या ग्रंथालयातून सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेची पुस्तके एकामागून एक आणते आहे. पहिल्या पुस्तकात अस्लान नावाच्या सिंहाला दगडी मेजावर बांधून मारतात, तो प्रसंग वाचून ती रात्री खूप रडली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मैत्रिणीने तिला सांगितले, ‘अगं, तो सिंह म्हणजे येशूच आहे.’ मुलीने घरी येऊन सिंहाचे चित्र काढले आणि देवघरात गणपतीशेजारी उभे केले. पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या आजींना ते रुचले नाही. वडिलांचे म्हणणे असे की देव सगळे एकच, राहू द्या. आई विचारतात की ही पुस्तके मुलीला वाचू द्यावीत का, आणि त्या चित्राचे काय करावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. वाचू द्या, पण तिला एकटीला वाचायला सोडू नका. तुम्ही स्वतः ही पुस्तके वाचा, जमल्यास तिच्या एक पुस्तक पुढे राहा, आणि ही कथा ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली आहे हे तिला सरळ सांगा. पुस्तक काढून घेतले तर ती ते मैत्रिणीकडे वाचेल. आणि ‘साधी सिंहाची गोष्ट आहे’ असे सांगून वेळ मारून नेलीत, तर मैत्रिणीला जे ठाऊक होते ते आईला ठाऊक नव्हते किंवा आईने लपवले, एवढेच तिच्या मनात राहील. इंग्लंडमधल्या मुलांना ईस्टरची, म्हणजे येशूच्या मरणाची आणि पुन्हा जिवंत होण्याची, गोष्ट शाळेतच कळलेली असते, त्यामुळे हे साम्य आज ना उद्या तिच्या ध्यानात येणारच होते.

ही पुस्तके कशी जन्मली ते थोडे समजून घेतले, तर तिच्याशी बोलणे सोपे जाईल. लुईस यांचा जन्म १८९८ साली बेलफास्टमध्ये झाला. पौगंडावस्थेत ते नास्तिक झाले, पुढे ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवू लागले आणि १९३१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात दर वर्षी एक अशी प्रसिद्ध झाली. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की सुरुवात धर्मविचाराने झालीच नव्हती. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, कमरेखाली बोकडाचे पाय असलेला एक प्राणी सोळाव्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांपुढे होता. धर्म कथेत नंतर आपसूक आला.

आपल्याकडे ‘रूपक’ म्हटले की एकनाथांचे भारूड आठवते. विंचू चावला म्हणजे कामक्रोध चावले, त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. प्रत्येक वस्तूचा अर्थ ठरलेला आणि तो नाथ स्वतः उलगडूनही सांगतात. नार्निया या अर्थाने रूपक नाही, असे लुईस आवर्जून सांगत. त्यांचा प्रश्न निराळा होता: समजा, नार्नियासारखे जग खरोखर असते आणि ख्रिस्त तिथे देह धारण करून आला असता, तर त्याचे रूप कसे असते आणि त्याने काय केले असते? हा भेद आईवडिलांसाठी फार उपयोगाचा आहे. ‘ख्रिस्ती रूपककथा’ हे शब्द कानी पडले की मुले ज्यातून नार्नियात शिरतात त्या कपाटात आणि तिथल्या दिव्याच्या खांबातही आपण दडलेला उपदेश शोधू लागतो, आणि मुलांच्या हातातली गोष्ट तेवढी निसटते.

तुमची मुलगी ज्या प्रसंगाने रडली तोच पाहा. एडमंड हा मुलगा मिठाईच्या मोहाने पांढऱ्या चेटकिणीला सामील होतो, भावंडांचा घात करतो, आणि त्या जगाच्या आद्य नियमाप्रमाणे घात करणाऱ्याचे रक्त चेटकिणीचे असते. अस्लान त्याच्या जागी स्वतःचा जीव देतो. इथपर्यंत शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातली, कथा ओळखू येते. दुसऱ्याच्या पापासाठी पत्करलेले मरण, रात्रभर सोबत राहिलेल्या मुली (एडमंडच्या बहिणी सूझन आणि ल्यूसी), पहाटे भंगलेले मेज आणि जिवंत उभा असलेला सिंह. पण मधल्या अंधाऱ्या वेळात आणखी एक गोष्ट घडते. मेलेल्या सिंहाच्या अंगावर काहीतरी वळवळताना दिसते. ते रानउंदीर असतात. सूझन त्यांना हाकलायला हात उगारते. ल्यूसी तिला थांबवते, कारण ते उंदीर दोऱ्या कुरतडत आहेत हे तिला दिसलेले असते. तो मेलेला आहे हे त्यांना कळत नाही; बांधलेला आहे, तर मोकळा करावा, एवढेच त्यांना कळते. पुढच्या पुस्तकात अस्लान सांगतो की नार्नियातल्या उंदरांना वाचा फुटली ती या उपकारापासून. हे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. तुम्ही मुलीजवळ बसाल तेव्हा मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे असे जरूर सांगा, पण लगेच या उंदरांचीही आठवण काढा, म्हणजे ‘तो येशूच आहे’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही हे तिला आपोआप कळेल.

माझ्या मुलाच्या बाबतीत माझी इथेच चूक झाली. तो आठ वर्षांचा होता आणि मी त्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. दगडी मेज आले तेव्हा मी पुस्तक मांडीवर ठेवून वधस्तंभ, पुनरुत्थान, प्रायश्चित्त असे सगळे समजावू लागले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग आता गोष्ट नाही का?’ ते पुस्तक आम्ही त्यानंतर वर्षभर उघडले नाही. म्हणून सांगते, आधी प्रसंग पूर्ण होऊ द्या, रडू येऊ द्या, आणि अर्थाचे बोलणे दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना किंवा गाडीतून जाताना, तिने विषय काढला की करा.

लुईस यांना स्वतःलाही असे एक पत्र आले होते. १९५५ साली एका अमेरिकन आईने त्यांना कळवले की आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला अस्लान येशूपेक्षा अधिक आवडू लागल्याची धास्ती वाटते आहे. लुईस यांनी तातडीने उत्तर पाठवले की मुलाला अस्लानच्या ज्या कृती आणि जे बोलणे आवडते ते मुळात येशूचेच आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. ख्रिस्ती घरासाठी हे उत्तर दिलासा देणारे आहे. मराठी कुटुंब म्हणजे हिंदूच असे नव्हे. वसईची, अहिल्यानगरची (पूर्वीच्या अहमदनगरची), गोव्याची ख्रिस्ती कुटुंबेही हे सदर वाचतात, आणि त्यांच्या मुलांना नार्निया हे स्वतःच्या श्रद्धेचे दुसरे अंगण वाटावे हे स्वाभाविक आहे. तुमच्यासारख्या घराला मात्र या उत्तरातून दुसरी गोष्ट कळते: लेखकाच्या मनात अस्लान कोण आहे याविषयी काडीचाही संदेह नव्हता.

लुईस यांचा हेतूही उघड आहे. लहानपणी ‘येशूच्या यातनांबद्दल तुला असे वाटलेच पाहिजे’ या सक्तीमुळे त्यांच्या भावना गोठल्या होत्या. चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा आणि रंगीत काचांचा वास लागू न देता त्याच गोष्टी परीकथेत आणल्या, तर मनाच्या दारावरचे पहारेकरी चुकवून त्या आत पोचतील, असे त्यांनी लिहिले आहे. हे ज्या मुलांसाठी लिहिले गेले त्यांना धर्म अतिपरिचयाने कंटाळवाणा झालेला होता. आपल्या मुलांच्या दारावर तो पहारा नाही, कारण त्यांच्या घरी ही कथा कधी सक्तीने सांगितलेलीच नाही. ती थेट आत जाते आणि म्हणूनच एवढी हलवून सोडते. ही गोष्टीची ताकद आहे, तिला भिऊ नका, पण ती ताकद कुठून आली हे मुलीला ठाऊक असू द्या.

आता मालिकेतल्या ज्या भागाविषयी मला खरोखर काळजी वाटते त्याकडे वळते. पाचव्या आणि सातव्या पुस्तकात कॅलॉर्मेन नावाचा दक्षिणेकडचा देश आहे. तिथले लोक सावळे, दाढीवाले, पागोटी घालणारे, बाकदार तलवारी बाळगणारे, आणि बरेचसे क्रूर किंवा कपटी. त्यांचा देव ताश. शेवटच्या पुस्तकात तो रानातून जाताना दिसतो: आकार माणसाचा, डोके शिकारी पक्ष्याचे, वर उचललेले चार हात, वीसही बोटांना नखांच्या जागी नख्या, आणि त्याच्या खालचे गवत सुकून जाते. ज्या मुलीच्या घरात चार हातांच्या गणपतीला रोज फूल वाहिले जाते, तिला हे वाचताना काय वाटेल? ती कदाचित काही बोलणारही नाही. म्हणून तुम्हीच बोला. लुईस यांनी हे चित्र अरबी सुरस कथा आणि पौर्वात्य देशांविषयी त्या काळी इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या कल्पना यांतून उभे केले, अनेक हातांची मूर्ती म्हणजे भयंकर असा समज त्यात आहे, आणि तो समज चुकीचा आहे, हे तिला स्पष्ट सांगा. आपल्या मूर्तीला चार हात का असतात, पाश, अंकुश, मोदक आणि अभय म्हणजे काय, हे त्याच दिवशी तिला मूर्तीसमोर उभे करून दाखवा. सोबत हेही सांगा की पाचव्या पुस्तकातली अराविस ही कॅलॉर्मेनचीच मुलगी आहे, शूर आणि मानी, आणि इंग्रज मुलांना जसे निबंध लिहायला शिकवतात तशी तिच्या देशात कथा सांगण्याची कला शिकवतात, आणि त्या कथा लोकांना ऐकाव्याशा तरी वाटतात, असे लेखकच तिथे कबूल करतात.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘देव सगळे एकच’ हे आपल्या घरांतले अगदी तयार उत्तर आहे आणि ते मनापासून दिले जाते. याच शेवटच्या पुस्तकात एक धूर्त माकड नेमके तेच उत्तर देते. ताश आणि अस्लान ही एकाचीच दोन नावे आहेत असे सांगून ते नार्नियातल्या प्राण्यांना गुलामीत ढकलते, आणि पुस्तक त्या वाक्याकडे फसवणूक म्हणूनच पाहते. पुढे एमेथ नावाचा तरुण कॅलॉर्मेन सैनिक येतो. त्याने जन्मभर ताशची निष्ठेने उपासना केलेली असते. अस्लान त्याला जवळ घेतो आणि म्हणतो की तू ताशसाठी जे चांगले केलेस ते माझ्या खाती जमा आहे. पण ते आम्ही दोघे एक आहोत म्हणून नव्हे, तर एकमेकांच्या विरुद्ध आहोत म्हणून. लुईस यांची उदारता इथवर येते आणि इथे थांबते. परक्या धर्मातल्या प्रामाणिक माणसाला त्यांच्या स्वर्गात जागा आहे, त्याच्या देवाला नाही. मला हे पटत नाही, आणि मी मुलाला तसे सांगितले. मात्र लेखकाचे म्हणणे आपल्या सोयीने गोड करून घेणे मला योग्य वाटत नाही. आपण ‘सगळे एकच’ मानत असू, तर तो आपला विचार आहे, या पुस्तकाचा नाही, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो.

आजींशी बोलताना एक गोष्ट उपयोगी पडेल. ख्रिस्ताची कथा मराठीला काही काल-परवा भेटलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या ख्रिस्ती संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांनी ओवीछंदात रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. आजींना ज्ञानेश्वरीची ओवी तोंडपाठ असेल, तर ख्रिस्तपुराणातल्या चार ओव्या त्यांना वाचून दाखवा. भाषा त्यांना परकी वाटणार नाही, आणि नात जे वाचते आहे त्याविषयीची धास्ती कदाचित थोडी कमी होईल.

वाचनाच्या क्रमाविषयी थोडक्यात: १९९४ पासून अमेरिकेत निघालेल्या आवृत्त्यांत नार्नियाच्या जन्माची कथा पहिली दिलेली असते. तुमच्या मुलीने कपाटाच्या गोष्टीपासून सुरुवात केली ते उत्तम झाले. पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने पुढे जाऊ द्या. तिसऱ्या पुस्तकात युस्टेस हा मुलगा लोभाने ड्रॅगन होतो. हातात चढवलेले सोन्याचे कडे ड्रॅगनच्या सुजलेल्या पुढच्या पायात रुतून बसते, तो स्वतःची कातडी तीनदा सोलून काढतो आणि तरी ड्रॅगनच राहतो. शेवटी सिंहाची नखे लागतात. हे आजींनाही जरूर वाचून दाखवा. याच पुस्तकाच्या अखेरीस अस्लान कोकराच्या रूपात भेटतो आणि मुलांना सांगतो की तुमच्या जगात माझे नाव वेगळे आहे. शेवटचे पुस्तक दोन वर्षे थांबले तरी चालेल. ताशखेरीज त्यात जगाचा अंत आहे, आणि मोठी झालेली सूझन लिपस्टिक व पार्ट्यांत रमली म्हणून नार्नियाला मुकते असा जो भाग आहे, तो वयात येणाऱ्या मुलीने आईशी बोलल्याशिवाय वाचू नये असे मला वाटते.

राहिले चित्र. ते तुम्ही देवघरातून उचलू नका आणि आजींनाही उचलू देऊ नका. मुलीला शेजारी बसवून विचारा की हे इथे का ठेवावेसे वाटले. बहुधा ती सांगेल की तो मेला आणि परत आला, म्हणून. मग तिला सांगा की देवघरात आपण ज्यांची पूजा करतो त्यांना ठेवतो, आणि अस्लान ज्याची आठवण करून देतो त्याची पूजा तुझ्या मैत्रिणीच्या घरी होते. तुला तो आवडतो हे आम्हाला फार आवडले. त्यानंतर चित्राला चांगली चौकट करून आणा आणि ते कुठे टांगायचे ते तिला ठरवू द्या. तिने पलंगाजवळची भिंत निवडली, तर खिळा आजींच्या हातून ठोकून घ्या.