वाचकांचे प्रश्न : गर्दीतले कलादालन

प्रश्न : टोकियोतील 'टीमलॅब प्लॅनेट्स' या डिजिटल कलादालनात फार गर्दी असते म्हणे. सोबत सासूबाई आहेत, जावे का?

उत्तर : अवश्य जावे. तोयोसू भागात 2018 साली सुरू झालेल्या या दालनात गर्दी ही अडचण असली, तरी काही अंशी ती कलाकृतीचाच भाग आहे. गुडघाभर पाण्यात पोहणारे प्रकाशाचे कोई (शोभेचे जपानी) मासे माणसाच्या पायांना धडकले की त्यांची फुले होऊन विखुरतात. प्रवेश ठरावीक वेळेचा असल्याने तिकीट आधीच काढावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. आत अनवाणी फिरावे लागते, काही ठिकाणी जमिनीवर आरसे आहेत, त्यामुळे सासूबाईंना साडीऐवजी गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी सलवार सोयीची पडेल. फोटोंचा हव्यास मात्र आवरावा.