पहिला प्रयोग मुगावर करा

रोपांच्या वाढीला मदत करणारी नैसर्गिक द्रावणं मुलांसोबत तपासायची असतील, तर जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), शेवग्याचा अर्क, समुद्रशैवाल, शहाळ्याचं पाणी, हे सगळं एकदम वर्गात नेऊ नका. सुरुवातीला फक्त शहाळं घ्या. त्याच्या पाण्यात सायटोकायनिन, म्हणजे पेशीविभाजनाला चालना देणारी संप्रेरकं असतात, आणि मुंबईत ते नाक्यावर ताजं मिळतं.

एकाच पाकिटातले मूग, प्रत्येक डबीत ओल्या टिश्यूवर 20. डब्या चार: नुसतं पाणी, 5 टक्के, 10 टक्के आणि पाणी न मिसळलेलं शहाळं. 10 टक्के म्हणजे 10 मिली शहाळं आणि 90 मिली पाणी. नुसत्या पाण्याची डबी कधीही गाळू नका. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- टिश्यू ओला हवा, मूग बुडता कामा नयेत. बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही, तो कुजतो.
- कालचं द्रावण आज वापरू नका. शहाळ्यात साखर असते, आपल्या दमट हवेत ते लगेच आंबतं आणि बुरशी धरते. चौथी डबी बहुधा आधी बिघडेल. मुलांना ते बघू द्या, कारण शोधू द्या.
- फक्त सगळ्यात लांब मूळ मोजणं. तिसऱ्या दिवशी वीसही दाण्यांची मुळं मोजा, न रुजलेल्यांचं शून्य धरा, आणि सरासरी काढा.

शहाळ्यातली मुळं आखूड निघाली तरी निकाल तसाच लिहा. सायटोकायनिन जास्त झालं की मुळाची लांबी खुंटते, म्हणजे तुमचा प्रयोग फसलेला नाही. जीवामृत आणि कुंडीतली रोपं पुढच्या सत्रात घ्या.